३ फेब्रुवारीची नक्कल

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

आमचा लेख बंद पडला आहे. दुव्यावर टिचकी मारली की पान उपलब्ध नाही, एवढंच दिसतं. होस्टिंग कंपनीची मेल रात्रीच येऊन पडली होती. अमुक पानाविरुद्ध कॉपीराइटभंगाची तक्रार आली आहे, पान तूर्त बंद केलं आहे, हरकत असल्यास प्रतिनोटीस पाठवा.

लेख २४ जूनचा. पुण्याबाहेरच्या एका गृहप्रकल्पावर. वर्षानुवर्षं रखडलेला ताबा, पार्किंगच्या जागेत उभी राहिलेली दुकानं, महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, गेलेल्या तक्रारी. त्यातला प्रत्येक कागद मी स्वतः पाहिला होता. बिल्डरला लेखी प्रश्न पाठवले होते, उत्तर आलं नाही, तेही लेखात नोंदवलं होतं. त्याचं नाव मी या वहीतसुद्धा लिहीत नाही, कारण लोकांच्या पैशांचा मामला अजून प्राधिकरणापुढे आहे.

तक्रारदार आहे कुठलंसं 'न्यूज' नावाचं संकेतस्थळ. त्याचं म्हणणं असं की लेख मूळचा त्यांचा, आम्ही चोरला. ते उघडून पाहिलं. वर क्रिकेट, खाली त्वचेची निगा, मग एका परदेशी बँकेची बातमी, आणि मधेच मराठीत आमचा लेख, काना-मात्रेसकट. पत्ता नाही, संपादकाचं नाव नाही, फोन नाही. लेखावर तारीख ३ फेब्रुवारी २०२५.

तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिलेलं वाक्य तसंच आहे: महाराष्ट्र दिनी रहिवाशांनी प्रकल्पाच्या फाटकासमोर सभा घेतली. म्हणजे फेब्रुवारीत छापलेल्या लेखात मे महिन्यातली सभा होऊन गेलेली! फोटोही आमचाच. कोपऱ्यातलं आमच्या संकेतस्थळाचं नाव कापलंय, पण पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या हातातल्या फलकावर '१ मे २०२५' स्वच्छ वाचता येतं. ज्याने हे केलं त्याने लेख वाचलेलासुद्धा नाही. त्याला वाचायचा नव्हताच, फक्त आमच्या आधीची तारीख टाकायची होती.

१३ ऑगस्ट

ही यंत्रणा चालते कशी, ते आज नीट बसून वाचलं. पाया आहे अमेरिकेचा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट. क्लिंटन यांनी त्यावर २८ ऑक्टोबर १९९८ रोजी सही केली. त्याच्या कलम ५१२मध्ये एक देवाणघेवाण आहे. वापरकर्त्यांनी टाकलेल्या चोरीच्या मालाबद्दल होस्टिंग कंपन्यांना, गूगलसारख्यांना जबाबदार धरायचं नाही. बदल्यात त्यांनी तक्रार आल्याबरोबर तो मजकूर काढायचा. काढला तर कंपनी सुरक्षित, ठेवला तर खटल्याची टांगती तलवार. मग कुठली कंपनी तक्रार खरी की खोटी हे तपासत बसेल? आधी काढा, मग विचारा, असाच तिचा शिरस्ता पडतो.

तक्रार करणाऱ्याने शपथेवर सांगायचं ते फार थोडं: आपण हक्कधारकाच्या वतीने बोलतो आहोत. मजकूर बेकायदा आहे, याबद्दल 'माझी प्रामाणिक समजूत' एवढं पुरतं. उलट आम्ही प्रतिनोटीस द्यायची तर नाव, पत्ता, फोन, अमेरिकी न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याची कबुली, आणि लेख चुकीने काढला गेला हे शपथेवर. त्यानंतर दहा ते चौदा कामकाजाचे दिवस थांबायचं. तेवढ्यात तक्रारदार कोर्टात गेला नाही तर पान परत.

जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर भरपाई मागता येते, ही तरतूदही त्याच कलमात आहे. पण 'जाणूनबुजून' हे सिद्ध करायचं कोणी? ज्याचा लेख गेला त्याने. २०१५ साली अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने एका आईच्या बाजूने म्हटलं की नोटीस देण्याआधी रास्त वापराचा, म्हणजे परवानगीशिवायही कायदेशीर ठरणाऱ्या वापराचा, विचार करावाच लागेल. तिने प्रिन्स या गायकाच्या गाण्यावर नाचणाऱ्या आपल्या लेकराची २९ सेकंदांची फीत टाकली होती, ती संगीत कंपनीने काढायला लावली होती. मात्र त्याच निकालाने हेही ठेवलं की तक्रारदाराची समजूत त्याच्यापुरती प्रामाणिक असली की भागलं. इतक्या मोठ्या फटीतून खोटं बोलणारा आरामात निसटतो.

एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट असू दे. माझा कॉपीराइटवर राग नाही. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्रामवर कशा फिरतात ते रोज पाहते. चार वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक प्रकाशनाच्या महिन्यातच फुकट वाटलं जातं, तेव्हा लेखकाला झटपट दाद मिळायलाच हवी. म्हणूनच हा दुरुपयोग जास्त जाचतो. जो हक्क लिहिणाऱ्यासाठी केला, तोच उचलून लिहिणाऱ्याचं तोंड बंद करायचं.

१५ ऑगस्ट

सुट्टी. झेंडावंदन करून आले आणि डीबोल्डचं प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं. या विषयातलं ते एक मोठं प्रकरण, आणि विषय मतदानाचा.

२००३ साल. फ्लोरिडातल्या २०००च्या मतमोजणीच्या गोंधळानंतर अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रांवर भरमसाट खर्च चालू होता. डीबोल्ड ही यंत्रं बनवणारी कंपनी. तिच्या कर्मचाऱ्यांच्या आपसातल्या हजारो ईमेल बाहेर आल्या. यंत्रांतल्या त्रुटी, घाईघाईत केलेल्या दुरुस्त्या, सगळं त्यांच्याच शब्दांत. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी त्या जालावर ठेवल्या. मेल खोट्या आहेत, असं काही कंपनीने म्हटलं नाही. ती म्हणाली, मेल आमच्या आहेत, त्यांचा कॉपीराइट आमचा, काढून टाका. कॉलेजला नोटीस, इंटरनेट पुरवणाऱ्यांना नोटीस, नुसता दुवा देणाऱ्यांनाही नोटीस. पोरं हटली नाहीत. एका ठिकाणाहून काढलं की दुसऱ्या कॉलेजातली मुलं लावायची. अमेरिकी काँग्रेसचे सदस्य डेनिस कुसिनिच यांनी तर त्यांतला काही भाग स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावर ठेवला.

दोन विद्यार्थी आणि ऑनलाइन पॉलिसी ग्रुप ही संस्था कंपनीविरुद्ध कोर्टात गेली. ३० सप्टेंबर २००४ रोजी कॅलिफोर्नियातले न्यायाधीश जेरेमी फोगेल यांनी निकाल दिला. मतदान यंत्र बिघडतं की नाही, यापेक्षा जास्त लोकहिताचा विषय क्वचितच असेल; त्या मेल छापणं हा रास्त वापर आहे, आणि हे कंपनीला कळत होतं; आपली मालमत्ता राखण्यासाठी दिलेली ढाल तिने लाजिरवाणा मजकूर दडपण्यासाठी तलवार म्हणून वापरली, असा त्या निकालाचा आशय. डीबोल्डला नुकसानभरपाई आणि वकिलांच्या फीपोटी सव्वा लाख डॉलर मोजावे लागले. त्या मेल विकून पैसे कमवायचा कंपनीचा कधी विचारही नव्हता. हीच कसोटी मला सर्वांत खरी वाटते. ज्या मजकुराचा बाजार त्याच्या मालकालाच नको आहे, तिथे चोरीची ओरड कशासाठी चालली आहे हे विचारलंच पाहिजे.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रतिनोटीस तयार. वकीलसाहेब घरी आले होते.

"ताई, यात तुमचा घरचा पत्ता जाणार. तो पुढे तक्रारदाराला दिला जातो. कायद्यातच आहे तसं."

"कार्यालयाचा चालणार नाही?"

"चालेल की. पण तुमचं कार्यालय म्हणजे ही पुढची खोलीच ना?"

तेवढ्यावर आम्ही सगळेच गप्प झालो. तो निनावी, मी पत्त्यासकट. आई आतून म्हणाली, "दे पत्ता. लेखात काही खोटं लिहिलंयस का?" दिला.

जोडलेली कागदपत्रं: आमच्या सर्व्हरवरची लेख चढवल्याची नोंद, मूळ फोटो कॅमेऱ्यातल्या तारखेसह, आणि इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरची आमच्या पानाची २५ जूनची प्रत. त्या 'न्यूज' संकेतस्थळाची फेब्रुवारीतली एकही प्रत तिथे नाही.

आपल्याकडचा कायदाही आज वकीलसाहेबांनी उलगडून सांगितला. १९५७चा कॉपीराइट कायदा, कलम ५२(१)(सी). लेखी तक्रार आली की मजकूर साठवणाऱ्याने तो रोखायचा. २०१३च्या नियमांप्रमाणे ३६ तासांत. पण तक्रारदाराने २१ दिवसांच्या आत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर पुन्हा खुला करता येतो. म्हणजे कोर्टात जायचं ओझं तक्रार करणाऱ्यावर. ही रचना मला अमेरिकेपेक्षा बरी वाटली. शिवाय कलम ६० आहे: विनाआधार कॉपीराइटची धमकी देणाऱ्याविरुद्ध आपणच दिवाणी न्यायालयात जाऊन मनाई आणि भरपाई मागू शकतो. किती पत्रकारांना हे ठाऊक असेल? पण आमचं होस्टिंग परदेशातलं, नोटीस अमेरिकी कायद्याखालची, आणि समोरच्याला नाव-गाव नाही. कलम ६० लावायचं कोणाला?

२० ऑगस्ट

पहाटेपासून पाऊस. तरी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर गेले. तिथे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याला बारा वर्षं झाली. अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते दरवर्षीसारखे जमले होते. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना गेल्या वर्षी मे महिन्यात जन्मठेप झाली. कट कोणाचा, हा प्रश्न तिथे अजून विचारला जातो.

घरी येताना यूरी गेलरचं आठवलं. मनाच्या शक्तीने चमचे वाकवतो म्हणून जगभर गाजलेला माणूस. जेम्स रँडी हे जादूगार त्याच्या करामती उघड्या पाडत. अंनिसचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांमागची हातचलाखी दाखवतात, तोच धंदा रँडी टीव्हीवर करत. 'नोव्हा' या अमेरिकी मालिकेतला त्यांचा भाग घेऊन एका टीकाकाराने तेरा मिनिटांची फीत यूट्यूबवर टाकली होती. २००७ साली गेलरच्या कंपनीने कॉपीराइटची नोटीस देऊन ती उतरवली. तेरा मिनिटांतल्या अवघ्या काही सेकंदांच्या तुकड्यावर त्यांचा हक्क होता. टीकाकाराचं खातंही बंद झालं होतं. पुढे खटला झाला, २००८मध्ये तडजोड झाली आणि तो तुकडा बिगरव्यापारी वापरासाठी सर्वांना मोकळा करावा लागला.

वाद घालायचा तर रँडींनी दाखवलेली युक्ती चूक आहे, असं सिद्ध करावं लागलं असतं. ते जमण्यासारखं नव्हतं. मग फीतच नको.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज एका निवृत्त शिक्षकांचा फोन. नंबर रहिवाशांकडून मिळाला म्हणाले.

"ताई, तुमचा लेख कुठे वाचायला मिळेल? पुतण्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धवट फोटो पाठवलाय. गूगलवर काहीच येत नाही."

"सर, लेख बंद केलाय सध्या. तुम्ही बुकिंग केलंय का?"

"एक्कावन्न हजार दिलेत. गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर वीस टक्के भरा म्हणतात, म्हणजे स्कीमचा दर मिळेल. मी नाव टाकून बघितलं होतं हो. सगळं चांगलंच दिसलं."

सगळं चांगलंच दिसलं. मी संगणक उघडून तोच शोध घेतला. पहिल्या पानावर प्रकल्पाची जाहिरात, बिल्डरची मुलाखत, रक्तदान शिबिराच्या बातम्या. खाली तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: अमेरिकी कॉपीराइट कायद्याखाली आलेल्या तक्रारीवरून एक निकाल काढला आहे, तक्रार लुमेनवर वाचता येईल. म्हणजे होस्टिंगबरोबर गूगलकडेही नोटीस गेली आहे. सरांनी ती ओळ पाहिली नसणार. कोण पाहतं?

सरांना लेखाची पीडीएफ पाठवली आणि रेरा कायद्याचं कलम १३ सांगितलं: विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. वीस टक्के मागणं हेच मुळात बेकायदा. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे सगळं आधी कळायला हवं होतं." 

या माणसाची निवृत्तीची पुंजी आहे. हा लेख मी कोणासाठी लिहिला होता? यांच्यासाठीच. आणि नेमका यांच्यापासूनच तो तोडला गेला, नेमका सणाच्या बुकिंगच्या तोंडावर. नोटिशीची वेळ आपोआप जुळून आली, यावर माझा विश्वास नाही. पुरावा नाही, म्हणून हा फक्त माझा संशय.

२५ ऑगस्ट

लुमेन ही गूगल आणि इतरांना आलेल्या नोटिशींची जाहीर नोंदवही. ती सुरू होण्यामागे वेंडी सेल्टझर या कायदेतज्ज्ञ. पूर्वी तिचं नाव चिलिंग इफेक्ट्स होतं, आता हार्वर्डच्या बर्कमन क्लाइन सेंटरमध्ये आहे. २००२ साली सायंटॉलॉजी या पंथाने आपल्यावर टीका करणारी पानं कॉपीराइटच्या नावाने गूगलमधून काढायला लावली, त्यावर गहजब झाला, आणि तेव्हापासून गूगल अशा नोटिशींच्या प्रती तिथे देऊ लागलं. आमची नोटीसही तिथे सापडली. त्याच 'न्यूज' संकेतस्थळाच्या नावाने आणखी तक्रारी आहेत, वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या भाषांतल्या लेखांवर.

म्हणजे आमच्यासाठी कोणी खास बसून हे केलेलं नाही. हा तयार माल आहे, पैसे टाकून मिळतो. लुमेनच्या संशोधक श्रेया तिवारी यांनी २०२२ साली अशा जवळपास ३४ हजार नोटिशी एकत्र ठेवून दाखवल्या. पद्धत तीच: लेखाची नक्कल, मागची तारीख, मग मूळ लेखच चोरीचा असल्याची तक्रार. त्याआधी मे २०२०मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने असाच तपास केला, तेव्हा गूगलने फेरतपासणी करून ५२ हजारांहून जास्त दुवे परत आणले. जर्नलने विचारलं म्हणून ते परत आले. ज्यांच्या वतीने विचारणारं कोणी नव्हतं त्यांचं काय झालं असेल?

गूगलची अडचणही खरी आहे. तिथे काढण्यासाठी आलेल्या दुव्यांचा एकूण आकडा २०२४मध्येच एक हजार कोटींच्या पुढे गेला. बहुतेक तक्रारी यंत्रं पाठवतात, यंत्रं वाचतात. बर्कली आणि कोलंबियाच्या अभ्यासकांनी २०१६ साली अशा स्वयंचलित नोटिशी तपासल्या, तेव्हा साधारण तीस टक्क्यांबाबत काही ना काही शंका निघाली. नोव्हेंबर २०२३मध्ये गूगलने व्हिएतनाममधल्या काही जणांवर कॅलिफोर्नियात दावा ठोकला. प्रतिस्पर्धी दुकानदारांची एक लाखाहून जास्त पानं त्यांनी खोट्या नोटिशींनी लक्ष्य केल्याचा आरोप होता. स्वतःचं नुकसान झालं तेव्हा कंपनी कोर्टात गेली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

३० ऑगस्ट

घरात गणपती. समोरच्या मांडवात सकाळपासून स्पीकर. आमच्या व्हिडिओ करणाऱ्या मुलाने तक्रार केली, "ताई, रहिवाशांची बाइट घेतली, पण मागं गाणं वाजतंय. यूट्यूब उडवणार." छोट्या वाहिन्यांना हा रोजचा ताप.

त्याला कॅलिफोर्नियातली गोष्ट सांगितली. २०२१मध्ये बेव्हर्ली हिल्सचे पोलिस आणि नंतर ओकलंडमध्ये शेरीफचा एक अधिकारी, कोणी चित्रीकरण करू लागलं की मोबाइलवर प्रसिद्ध गाणं लावायचे. ओकलंडमधल्याने तर टेलर स्विफ्टचं गाणं लावलं आणि आपणच सांगितलं की आता हे यूट्यूबवर टाकता येणार नाही. पोलिसाचं वागणं नागरिकांनी पाहू नये म्हणून गायिकेचा हक्क वापरला. तो व्हिडिओ टिकला, जगभर पाहिला गेला. 

मायामीतल्या रानान कॅट्झ यांचंही त्याला सांगितलं. मॉलचे मालक, मायामी हीट या बास्केटबॉल संघात भागीदार. एक बाई त्यांच्या व्यवहारांवर सातत्याने टीका लिहायची आणि सोबत त्यांचा जीभ बाहेर आलेला एक फोटो लावायची. कॅट्झ यांनी छायाचित्रकाराकडून त्या फोटोचा कॉपीराइटच विकत घेतला आणि तिच्यावर दावा लावला. २०१५मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. फोटो कोणी पाहू नये म्हणून हक्क घेतला, तर तुमचं बाजारातलं नुकसान कसलं?

आणि न्यूयॉर्कची ती दंतवैद्य. उपचाराआधी रुग्णाकडून सही घ्यायची की पुढे माझ्याबद्दल तू काहीही लिहिलंस तर त्याचा कॉपीराइट माझा. दाढ दुखत असताना माणूस कशावर सही करणार नाही? एकाने बिलाबद्दल वाईट अनुभव लिहिला, तर त्याचे शब्द आपले म्हणून तिने ते काढायला सांगितले आणि रोज शंभर डॉलरचं बिल धाडलं. न्यायालयाने तो करार रद्दबातल ठरवला. डिसेंबर २०१६मध्ये अमेरिकेने कायदा करून अशा छापील करारांवर बंदीच घातली. तिथे ग्राहकांच्या अशा भांडणांतून देशाचा कायदा झाला. आपल्याकडच्या ग्राहक चळवळीने इकडे लक्ष द्यावं असं फार वाटतं.

२ सप्टेंबर

होस्टिंग कंपनीकडून काही नाही. वाट पाहणं चालू.

मुंबई उच्च न्यायालयाचे २०१६चे आदेश वाचले. 'ढिशूम' चित्रपटाच्या निर्मात्यांना प्रदर्शनाआधी अनोळखी चोरांविरुद्ध सरसकट आदेश हवा होता, संकेतस्थळंच्या संकेतस्थळं बंद करणारा. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तसा दिला नाही. एकेक दुवा तपासा, तपासलेला पुन्हा दुसऱ्याकडून तपासून घ्या, आणि ते सगळं शपथपत्रावर आणा. एखाद्या संकेतस्थळावर बेकायदा मालाशिवाय दुसरं काहीच नाही हे दाखवल्याखेरीज ते पूर्ण बंद होणार नाही. शिवाय बंद केलेल्या पानावर कोणत्या आदेशाने बंद केलं आणि दाद कुठे मागायची हे लिहा. निर्मात्याचं नुकसान त्यांनी नाकारलं नाही, चोरीला अभयही दिलं नाही. फक्त बंद करा म्हणणाऱ्याला आधी कष्ट करायला लावले. हे सूत्र नोटिशींना लागू झालं असतं, तर १ मेच्या सभेचा लेख ३ फेब्रुवारीचा म्हणून खपला नसता. दोन मिनिटांचं काम होतं.

५ सप्टेंबर

पत्रकार गौरी लंकेश. २०१७ साली आजच्याच संध्याकाळी बेंगळुरूत त्यांच्या घराच्या दारात गोळ्या झाडल्या. त्यांच्या कन्नड साप्ताहिकातला शेवटचा अग्रलेख खोट्या बातम्यांच्या कारखान्यांवर होता.

त्यांचं काम पुढे न्यायचं म्हणून पॅरिसच्या फॉरबिडन स्टोरीज या संस्थेने जगभरातल्या शंभराहून जास्त पत्रकारांना एकत्र आणलं. फेब्रुवारी २०२३मध्ये 'स्टोरी किलर्स' हा तपास बाहेर आला. त्यातलं एक प्रकरण एलिमिनालिया या स्पेनमधल्या कंपनीचं. जालावरची नकोशी माहिती पुसून देते अशी जाहिरात. तिची सुमारे ५० हजार अंतर्गत कागदपत्रं पत्रकारांच्या हाती लागली, गिऱ्हाइकं सुमारे दीड हजार. त्यांत फसवणूक आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांतली माणसंही होती. काम करण्याच्या रीती म्हणजे खोट्या नोटिशी, मागच्या तारखेच्या नकला, आणि निकालांची पहिली पानं भरून काढायला बातम्यांची शेकडो बनावट संकेतस्थळं.

ते वाचताना आमच्या लेखाभोवती काय उभं आहे ते पहिल्यांदा पूर्ण दिसलं. क्रिकेट, त्वचेची निगा आणि परदेशी बँक एका पानावर का होती, तेही. आपल्याकडे पत्रकारावर हल्ला झाला की निदान बातमी होते, मोर्चा निघतो. लेख नाहीसा झाला तर कोणाला कळतच नाही, कारण कळवणारी वस्तूच गेलेली असते. गौरींच्या नावाने उभ्या राहिलेल्या कामातून हे उघडकीला आलं, याचं मला फार मोल वाटतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

लेख परत आला. कंपनीची दोन ओळींची मेल: मुदतीत तक्रारदाराने दावा दाखल केल्याचं कळवलेलं नाही, पान पूर्ववत केलं आहे. दिलगिरी नाही, चौकशी नाही. त्या 'न्यूज' संकेतस्थळाला कोणी काही विचारलं नाही. गूगलला वेगळी प्रतिनोटीस दिली आहे. तिथला दुवा अजून आलेला नाही. गणपतीच्या मुहूर्तावर किती बुकिंग झालं ते मला माहीत नाही. सरांनी वीस टक्के भरले नाहीत, एक्कावन्न हजार परत मागितले आहेत.

हे वाचणाऱ्या, जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याला बसून लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, अशी नोटीस आली तर घाबरून लेख स्वतः काढू नका. लेख टाकला त्याच दिवशी त्याची प्रत वेबॅक मशीनवर जतन करा, मूळ फोटो पुसू नका, आलेली नोटीस लुमेनला पाठवा आणि प्रतिनोटीस द्या. आणि घर घेणाऱ्यांनो, बिल्डरचं नाव गूगलवर टाकून थांबू नका. प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक मागून घ्या, महारेराच्या संकेतस्थळावर तो स्वतः उघडून पाहा, आणि तिथे राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला भेटल्याशिवाय पैसे देऊ नका.